ग्रहणबाईंचं शुद्धिपत्र

बाईंचं खरं नाव विभागाच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळं विद्यापीठ त्यांना ग्रहणबाई म्हणायचं. हे नाव आपल्याला पडलंय असं त्यांना पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "याच्या आधी काय म्हणायचे?" याच्या आधी 'अर्धा मार्क' म्हणायचे, कारण उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की बाई अर्धा मार्क कापायच्या, मग समोर कुणीही असो. "मग ग्रहण बरं," बाई म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या.

त्यांचा विषय ताऱ्यांचं भौतिकशास्त्र. तारे कसे जन्मतात, कशावर जळतात, म्हातारपणी कसे फुगतात. हे ऐकलं की लोकांना वाटायचं, ही बाई रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसत असणार. प्रत्यक्षात बाई दहाच्या ठोक्याला झोपायच्या. त्यांची दुर्बीण दूर एका डोंगरमाथ्यावर होती. ती आपली आपण उघडायची, आपली आपण मिटायची, आणि मोजलेले आकडे सकाळी बाईंच्या संगणकावर येऊन पडायचे, दाराशी दुधाची पिशवी पडावी तसे. बाई चहा घेत घेत ते बघायच्या, आणि मग वर्गावर जायच्या.

वर्गात त्या कडक होत्या, पण कंटाळवाण्या नव्हत्या. 'तारे का चमकतात?' या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं, 'कारण त्यांना दुसरं काही येत नाही.' बाईंनी शेजारी लाल शाईने लिहिलं, 'तुमची अडचण त्याहून मोठी आहे', आणि शून्य दिलं. तो पेपर विद्यार्थ्याने चौकट करून घरी लावला म्हणे.

आकाशात तारे काय, मोजावे तेवढे. पण बाईंचा असा त्यातला एकच. यादीत त्याला सहा आकडी क्रमांक होता, विभागात सगळे त्याला 'बाईंचा तारा' म्हणत. दिसायला एक, असायला दोन. एक मोठा, लख्ख, आणि दुसरा अंधारा, धुळीच्या जाडजूड चकतीत गुरफटून बसलेला. दोघं एकमेकांभोवती फिरतात. फिरता फिरता अंधारा उजळाच्या समोर आला की ताऱ्याचा प्रकाश निम्म्यावर येतो आणि सहा-सात महिने तसाच राहतो. मग पुन्हा तीसबत्तीस वर्षं काही नाही.

बाई सत्तावीस वर्षांच्या होत्या तेव्हा तो असाच नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला मंद व्हायला लागला होता, आणि त्यांनी तो मोजला होता. त्याच्यावरच प्रबंध लिहिला. त्यांचे मार्गदर्शक बारीक अंगाचे, बारा महिने सर्दी झालेले गृहस्थ होते. प्रबंध वाचून ते नाक पुसत म्हणाले, "सगळं ठीक. पण पुढचं ग्रहण कधी, ते कुठंय?"

"सर, तोवर मी साठीला आलेली असेन."

"मग तर बिनधास्त लिहा. लगेच तपासायला कोण येतंय?"

लिहायला अडचण काहीच नव्हती. या आधीचं ग्रहण एका जुन्या निरीक्षकाने नोंदवलं होतं, ते ग्रंथालयातल्या एका जाड खंडात छापलेलं होतं. त्या ग्रहणापासून या ग्रहणापर्यंत किती दिवस गेले ते मोजायचे आणि तेवढेच पुढे घालायचे. दुसरीतल्या पोराचं गणित. बत्तीस वर्षं आणि साडेतीन महिने आले. बाईंनी शेवटच्या पानावर लिहिलं: पुढचं ग्रहण नऊ मार्चला सुरू होईल. सालही लिहिलं.

त्या एका ओळीने त्यांचं आयुष्य मार्गी लावलं. नोकरीच्या मुलाखतीत समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं होतं, "तुम्ही या विद्यापीठाला काय देणार?" बाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षांनी एक ग्रहण देईन." गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "म्हणजे कायम जागाच द्यावी लागणार." आणि दिली.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला बाई फळ्याच्या कोपऱ्यात ती तारीख लिहायच्या आणि म्हणायच्या, "या दिवशी तुम्ही किती वर्षांचे असाल, काढा." मुलं आकडेमोड करायची आणि उगाच गंभीर व्हायची. सुरुवातीच्या मुलांची उत्तरं पन्नास-बावन्न यायची. मग चाळीस. मग तीस. अलीकडे पोरं नुसती म्हणायची, "मॅडम, हे तर पुढच्याच वर्षी आहे," आणि गंभीर व्हायची पाळी बाईंवर यायची.

घरीही तारा होताच. नवरा दाताचा डॉक्टर. एका दाढेच्या निमित्ताने दोघांची ओळख झाली होती, तोंडात कापूस कोंबलेला असताना बाईंनी त्याला जोडताऱ्यांबद्दल सांगायचा प्रयत्न केला, आणि तो म्हणाला, "कापूस काढल्यावर पुन्हा सांगाल?" सासूबाईंनी मात्र लग्नाच्या आठवड्यातच सगळं नीट विचारून घेतलं होतं. तेव्हा त्या पंचावन्नच्या. तारीख ऐकून त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी सत्त्याऐंशीची. बघू, थांबते." आणि खरोखर थांबल्या. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले, एक गुडघा बदलून घेतला, आणि दर वाढदिवसाला केक कापता कापता विचारायच्या, "अगं, तुझ्या ताऱ्याला अजून किती?"

तर असं ते वर्ष उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर बाई निवृत्त व्हायच्या होत्या. विभागप्रमुख बाईंचाच जुना विद्यार्थी होता. कार्यक्रम म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. त्याने जिन्यासमोर मोठा विजेचा फलक लावून घेतला: 'ग्रहणाला ... दिवस बाकी', आणि मध्ये लाल आकडा, रोज एकेकाने आपोआप कमी होणारा. नऊ मार्चला सभागृह भरलं. कुलगुरू आले, वार्ताहर आले, आजपर्यंतच्या बॅचचे टक्कल पडलेले, पोट सुटलेले विद्यार्थी आले. सासूबाई पहिल्या रांगेत, नव्या चपला घालून. पडद्यावर ताऱ्याचा आलेख, सरळ रेघेसारखा.

बाईंनी आधीच सांगितलं होतं की पहिल्या दिवशी फरक डोळ्याला जाणवणारही नाही. त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांनी सरळ रेघेला टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि घरी गेले.

आठवडा झाला. रेघ सरळ.

दुसरा आठवडा झाला. रेघ सरळ. बाईंनी दुर्बिणीच्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, शेजारचा तारा मोजला, त्याच्या शेजारचा मोजला, सगळे जागच्या जागी आहेत. तुमचाही छान आहे, ठणठणीत."

"तो ठणठणीत नको आहे मला," बाई म्हणाल्या.

जिन्यासमोरचा फलक शून्यावर थांबेल असं विभागप्रमुखांना वाटलं होतं. तो थांबला नाही. 'ग्रहणाला -१७ दिवस बाकी' असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. फलक बसवणारा पासवर्डसकट दुसऱ्या नोकरीवर निघून गेला होता. शिपायाला सांगितलं, प्लग काढ. तो म्हणाला, "साहेब, त्याच वायरवर लिफ्ट आहे." मग विभागप्रमुखांनी त्यावर एक पडदा टाकला, पण लाल आकडा पडद्यातूनही दिसायचा, उलट जास्तच अशुभ.

चौकशा सुरू झाल्या. भाजीवाली विचारी, लिफ्टमधले शेजारी विचारत. दवाखान्यात पेशंट आ वासून पडलेले असताना भुवया उंचावून विचारत, आणि नवऱ्याला त्या भुवया बरोबर कळत. "नाही अजून," तो म्हणायचा, "चूळ भरा." सासूबाई काहीच विचारत नव्हत्या. रोज सकाळी बाईंच्या चेहऱ्याकडे बघायच्या, आणि पेपरात तोंड घालायच्या. बाईंना त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा.

चाळीस दिवस झाले तेव्हा बाईंनी ठरवलं की तारा चुकत नसतो. तारा काहीतरी सांगत असतो. ग्रहण झालं नाही म्हणजे आड येणारं काही उरलंच नाही. म्हणजे ती धुळीची चकती विरून गेली! आतल्या अंधाऱ्या ताऱ्याने ती सगळी गिळली असणार. बत्तीस वर्षांत एक अख्खी चकती गडप झालेली कुणी कधी पाहिली नव्हती. हे तर ग्रहणाहून मोठं होतं. बाईंना पुन्हा भूक लागायला लागली. तीन आठवड्यांत त्यांनी एकवीस पानांचा लेख लिहिला, आलेख काढले, समीकरणं मांडली आणि नियतकालिकाकडे धाडून दिला. एरवी लेख तपासणारे तज्ज्ञ सहा महिने उत्तर देत नाहीत आणि देतात तेव्हा कुसकट देतात. या वेळी महिन्यात उत्तर आलं. एकाने लिहिलं होतं, 'इतकं पटणारं विवेचन क्वचित वाचायला मिळतं.' दुसऱ्याने फक्त एक स्वल्पविराम सुचवला होता.

विभागप्रमुखांनी ताबडतोब नवा कार्यक्रम आखला: निरोप समारंभ आणि चकतीवर व्याख्यान, एकाच दिवशी.

आता बाईंच्या वर्गात एक वेगळे गृहस्थ बसत. सत्तरीचे, शिडशिडीत, खिशाला लाल पेन्सिल. उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेला, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या. निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून नुसते ऐकायला यायची परवानगी काढली होती. मुलं त्यांना काका म्हणायची. समीकरणं त्यांना फारशी कळत नसत, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी हात वर केला होता. "बाई, 'दीप्ती'तला दी दीर्घ असतो." बाईंनी फळ्यावरचा ऱ्हस्व 'दि' पुसून दीर्घ केला. तेव्हापासून दोघांचं जरा जपूनच चालायचं.

जूनअखेरच्या एका दुपारी काका बाईंच्या खोलीत आले. काखेत दोन जाड खंड, धुळीने शर्टाची बाही करडी झालेली.

"बाई, वेळ आहे का?"

"पाच मिनिटं. व्याख्यानाची तयारी चाललीय."

"पाच पुरतील," काका म्हणाले आणि बसले. "त्याचं काय आहे, आमच्या धंद्यात मजकूर जुळेनासा झाला की आम्ही डोकं चालवत नाही. मूळ प्रत काढतो. तुमचा तारा काही जुळेना, माझी झोप उडाली. म्हटलं, मूळ प्रत बघू. ग्रंथालयात गेलो, तुमच्या प्रबंधात दिलेला हा खंड मागवला. ग्रंथपाल म्हणाल्या, याच्यावर शेवटचा शिक्का तुमच्याच नावाचा आहे."

"असेल. हा एवढा एकच उतारा लागतो त्यातला." बाईंनी खंड जवळ ओढून न बघताच उघडला. "पान दोनशे चौदा. ओळ नऊ. ग्रहण सुरू झालं त्या वर्षाचा दिवस दोनशे सतरा. पाठ आहे मला."

"बरोबर. तसंच छापलंय." काकांनी दुसरा खंड पुढे केला. "आणि हा त्याच्या पुढचा खंड. याच्या शेवटी हे आहे."

शेवटच्या पानावर बारीक टायपातले पाच-सहा आकडे होते. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"शुद्धिपत्र," काका म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला, जणू एखाद्या नातेवाइकाची ओळख करून देताहेत. "भाषा मला येत नाही. पण शुद्धिपत्र कुठल्याही भाषेतलं ओळखता येतं. एका खंडातल्या चुका पुढच्या खंडात देतात, कारण चूक सापडायला तेवढा वेळ जातोच. हे बघा. पान दोनशे चौदा, ओळ नऊ. दोनशे सतराऐवजी सतरा वाचावे."

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आकडे पुन्हा वाचले.

"अक्षरांचे खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याच्या हाताला 'दोन'चा एक खिळा जादा लागला असणार," काका म्हणाले. "होतं असं. एकदा आमच्याकडे एका लग्नपत्रिकेत..."

"काका, एक मिनिट."

बाईंनी समोरच्या व्याख्यानाच्या पानाची मागची बाजू घेतली. दोनशे सतरातून सतरा गेले, दोनशे. म्हणजे आधीचं ग्रहण दोनशे दिवस अगोदर झालेलं. म्हणजे दोन ग्रहणांमधलं अंतर दोनशे दिवसांनी जास्त. बत्तीस वर्षं साडेतीन महिने नव्हे, बत्तीस वर्षं दहा महिने. नऊ मार्चमध्ये दोनशे दिवस घाला. मार्च, एप्रिल, मे... सप्टेंबर पंचवीस.

कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं त्यांना जाणवलं. पहिला विचार आला तो असा, की हे फक्त या खोलीतल्या दोघांना माहीत आहे. दुसरा विचार आला की या दोघांपैकी एक मुद्रितशोधक आहे. मग त्यांना एकदम तो एकवीस पानांचा लेख आठवला. गिळलेली चकती, तिचं काढलेलं वजन, ती गिळायला लागलेला वेळ, स्वल्पविराम! चकती तर जागच्या जागी होती; वेळेवर, बिचारी, आपल्या चालीने येत होती. आणि बाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग खुर्चीला धरून. काका घाबरून पाण्याचा पेला शोधू लागले.

"पण मला सांगा," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी एक वेंधळी. बाकीच्यांचं काय? एक्केचाळीस लेखांत हा आकडा आलाय. मी स्वतः मोजलेत."

"ते पण पाहिलं मी. त्या सगळ्यांनी तुमच्या प्रबंधावरून घेतलाय."

"आणि मी दर वेळी लिहिते, की हा आकडा एक्केचाळीस जणांनी मान्य केलाय!"

हसण्याचा आवाज ऐकून विभागप्रमुख दारात आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावून घेतलं.

"मॅडम, हे कुणाला बोललात?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग माझं ऐका. व्याख्यान निरोपाच्या दिवशी आहे. लेख मंजूर झालाय. तुम्ही ऑगस्टमध्ये निवृत्त होणार. ग्रहण सप्टेंबरात. तेव्हा झालं तर झालं. म्हणू, चकती परत आली."

"बत्तीस वर्षांत विरली आणि सहा महिन्यांत परत आली? प्रवासाला गेली होती का?"

"पण तज्ज्ञांना पटलंय ना!"

"मलाही पटलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मागे घ्यायचा."

विभागप्रमुख कागदावर वाकला. समोरच्या कागदावरचा आकडा त्याने उलटा वाचला, मग कागद सरळ करून वाचला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"बत्तीस वर्षं दहा महिने?"

"हो."

"मॅडम, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हाच प्रश्न होता. मी बत्तीस वर्षं दहा महिनेच लिहिलं होतं. तुम्ही शून्य दिलंत."

"दोनशे सतरा वजा करायचे होते, तू सतराच केलेस. शतकाचा दोन गाळलास."

"पण उत्तर बरोबर होतं!"

"रीत चुकीची होती. आणि एककही लिहिलं नव्हतंस."

"दहा मार्क होते, मॅडम," तो म्हणाला. एवढा मोठा विभागप्रमुख, पण आवाज एकोणीस वर्षांच्या पोराचा आला. बाईंनी खण उघडला, लाल पेन काढलं, त्या कागदावर 'एक' लिहून सही केली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर त्याने लेखाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

लेख मागे घेतल्याचं पत्र बाईंनी त्याच दिवशी पाठवलं. मग प्रबंधाला शुद्धिपत्र लिहायला बसल्या. आयुष्यात लिहिलेल्यांत सगळ्यात छोटं, अर्ध्या पानाचं, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात जुळारी आला, जुना निरीक्षक आला, नशीबही आलं. दुसऱ्या खर्ड्यात हे सगळे गेले. शेवटी उरलं ते इतकंच, की पान दोनशे चौदावरचा आकडा मी तपासून घेतला नाही. तो सतरा आहे. त्यामुळे ग्रहण पंचवीस सप्टेंबरला सुरू होईल, दोन-चार दिवस मागेपुढे. आणि ही चूक अमुक नावाच्या मुद्रितशोधकांनी शोधली. काकांनी मसुदा वाचला, लाल पेन्सिलने एक गोल काढला.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"माझ्या नावात वेलांटी चुकलीय."

वर्गात सांगणं जास्त जड गेलं. बाईंनी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे आता अभ्यासक्रमात हे आहे की नाही?" मागून एक म्हणाला, "आणि आम्हाला अर्धा मार्क कापायचात ते?" बाई म्हणाल्या, "ते कापलेलेच राहतील. पण आज तुम्ही माझे कापा. किती, ते ठरवा." वर्गाने बराच वेळ कुजबुज केली. अडीच मार्क कापायचं ठरलं. दोन चुकीसाठी, अर्धा सवयीने.

सगळ्यात अवघड घर होतं. बाईंनी सासूबाईंसमोर स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आई, माझं चुकलं होतं. ग्रहण सप्टेंबरात आहे."

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. "पंधरा दिवस इकडे-तिकडे?"

"नाही. दोन-चार."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, तुझ्या ताऱ्याचंच काहीतरी बरंवाईट झालं. तुला विचारायची सोय नव्हती." मग त्यांनी कॅलेंडर मागवलं, पानं उलटली. "दुसरा गुडघा ऑगस्टात करायचं म्हणतोय डॉक्टर. त्याला जुलै सांगते. म्हणजे सप्टेंबरला मी मोकळी."

ऑगस्ट संपला. निरोपाचा कार्यक्रम झाला. व्याख्यान चकतीवर झालं नाही, शुद्धिपत्रावर झालं, आणि बाईंच्या सगळ्या व्याख्यानांत ते एकच असं की ज्यात कुणी डुलक्या घेतल्या नाहीत. विभागप्रमुखांनी फलकाचा पासवर्ड कुठून तरी मिळवला आणि आकडा नव्याने लावला. खोली रिकामी करताना बाईंना कपाटामागे एकोणीस खडू, एक छत्री आणि एका विद्यार्थ्याचं रजेचं पत्र सापडलं. खडू त्यांनी घरी नेले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पंचवीस सप्टेंबरला सभागृह नव्हतं, कुलगुरू नव्हते. बाई जेवणाच्या टेबलाशी संगणक घेऊन बसल्या होत्या. शेजारी सासूबाई, नवा गुडघा स्टुलावर. डोंगरावरचे आकडे सकाळी सहाला आले. रेघ सरळ.

सव्वीसला सरळ.

सत्तावीसला बाईंना वाटलं जरा खाली आहे, पण त्यांनी ते मोठ्याने म्हटलं नाही. अठ्ठावीसला शंका उरली नाही. शेवटचे दोन ठिपके बाकीच्यांच्या खाली होते, मोजून, नक्की, चुकीच्या मर्यादेच्या बाहेर. बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, बंद केला आणि परत आल्या. नवऱ्याने दवाखान्यातून फोन केला. मागे कुणीतरी तोंडात कापूस घेऊन "झ्झालं का?" असं ओरडत होतं. विभागप्रमुखाचा फोन आला, फलक वजा तीनवर आहे म्हणाला. काकांचा आला, ते एवढंच म्हणाले, "जुळलं."

सासूबाईंनी चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "हे दोन ठिपके?"

"हो, आई."

"एवढंसं?"

"हळूहळू निम्म्यावर येईल. दोन महिने लागतील."

"येऊ दे. मला कुठे जायचंय." त्यांनी पाय स्टुलावर नीट घेतला. "आधी चहा कर."

पुढचे दिवस आलेख उतरत गेला, अगदी बाईंनी मांडला होता तसा. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी कप खाली ठेवला आणि पडद्याला नाक लावलं. शेवटचा ठिपका खाली नव्हता. वर होता. जेमतेम, पण वर. ग्रहण ऐन रंगात येत असताना तारा किंचित उजळला होता. असं का व्हावं? प्रबंधात नव्हतं, एक्केचाळीस लेखांत नव्हतं, जुन्या निरीक्षकाच्या खंडातही नव्हतं.

त्यांनी विभागप्रमुखाला फोन लावला. "वर गेलाय!"

"अहो मॅडम, सकाळचे सव्वासहा झालेत. काय वर गेलाय?"

"तारा. चकतीला भोक असेल. मधोमध. किंवा कडेला काहीतरी चमकतंय. किंवा डोंगरावरच्याने आरसा पुसला असेल. तू त्याला विचार, मी शेजारचे तारे तपासते. आणि हे बघ, काकांना बोलव."

"काकांना कशाला?"

"आकडे वाचायला. माझ्या डोळ्यांवर मी आता विसंबत नाही."

आतून सासूबाईंनी हाक मारली, चहा निवतोय म्हणून. बाईंनी ऐकलं नाही. त्या कागदाच्या मागच्या बाजूवर भागाकार करत होत्या, आणि या वेळी प्रत्येक आकडा दोनदा लिहीत होत्या.